पेन्शन कोणाची?

मागच्या व्याख्यानानंतर एका भगिनींनी विचारलं, 'सर, घटस्फोट झाला तर यांच्या पेन्शनमधली अर्धी मला मिळेल ना?' आमची हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली, वकिली आम्ही केली नाही. पण हा प्रश्न मुळात 'माझं' म्हणजे काय, हाच आहे. म्हणून त्यात शिरलो.

सरळ उत्तर, नाही. इंग्लंडमध्ये डिसेंबर २००० पासून न्यायालय पेन्शनचाच ठरावीक टक्का तोडून दुसऱ्या जोडीदाराच्या नावे करू शकतं. एकदा नावावर झाला की पुढे तो जगो न जगो, वाटा तिचा. आपल्याकडे अशी वाटणी नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली मिळते ती कायमची पोटगी. ती ठरवताना नवऱ्याची पेन्शन उत्पन्नात धरतात, एवढंच.

आता वाटा हा हक्काचा असतो, पोटगी गरज आणि ऐपत बघून ठरते. शिवाय पेन्शन घेणारा गेला की पेन्शन थांबते. सरकारी नोकराच्या विधवेला पुढे कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. घटस्फोटितेला ते दारही बंद. साठीला आलेल्या बाईने करायचं काय?

१७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, ती केलेल्या सेवेची कमाई आहे. आम्ही पेन्शनर मंडळी दरवर्षी हा दिवस हारतुरे घालून साजरा करतो! मग त्या सेवेच्या तीस वर्षांत पहाटे उठून डबा कोणी भरला? बदली झाली की बिऱ्हाड कोणी हलवलं? आपल्यापुरता युक्तिवाद मान्य आणि तिच्यापुरता अमान्य, हे तर्कात बसत नाही हो.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर परस्परसंमतीच्या अटी लिहिताना नुसत्या महिन्याच्या हप्त्यावर भिस्त ठेवू नये, शक्यतो एकरकमी मागावी. ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, पेन्शन विकून आलेली रक्कम, हे आकडे कागदावर आलेत का ते बघावं. पोटगीच्या दाव्यात २०२० पासून दोघांनाही मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं. हप्ताच घ्यावा लागला, तर त्याच्या घरावर तेवढा बोजा चढवून मागावा. कलम २५ मध्येच ती सोय आहे, पण पुष्कळांना ठाऊक नसते. आणि बँकेतलं, विम्यातलं नामनिर्देशन घटस्फोटाने आपोआप रद्द होत नाही. ते दोघांनीही आपापलं जाऊन बदलायचं असतं.