रोह्यांची मोजदाद आणि गावकरी

हरभऱ्याला घाटे धरू लागले की हिंगोली जिल्ह्यात कयाधू आणि पैनगंगा ह्या नद्यांच्या काठच्या शेतकऱ्याची झोप उडते. दिवसभर राबलेला मनुष्य रात्री घोंगडी घेऊन माळ्यावर चढतो, डबा वाजवितो, आरोळ्या देतो, बॅटरीचा झोत शिवारावरून फिरवितो. पहाटे त्याचा डोळा लागावा आणि नेमका त्याच वेळी रोह्यांचा कळप शेतात उतरावा, हा नित्याचा अनुभव आहे. कळप जितके खातो त्याहून अधिक तुडवितो. रानडुकरांची तऱ्हा निराळी. ती भुईमुगाच्या ओळीच्या ओळी उकरून ठेवतात.

रोही म्हणजेच नीलगाय. नावात गाय असली तरी हा प्राणी गाय नव्हे. आशिया खंडातील तो सर्वांत मोठा कुरंग होय. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या वर भरतो. त्याचा रंग लोखंडासारखा निळसर करडा आणि शिंगे आखूड असतात. मादी पिंगट व बिनशिंगी असते आणि पुष्कळदा तिला जुळी पाडसे होतात. त्यास दाट अरण्य लागत नाही. झुडपी रान, गवताळ माळ आणि जवळ पिके एवढे त्यास पुरे होते. हिंगोली जिल्ह्यात वनभूमी मुळात थोडी. सिद्धेश्वर व इसापूर येथील धरणांच्या पाण्याने पुष्कळ शिवार हिरवे झाले, माळराने नांगराखाली आली आणि रोह्यास मारणारी मोठी श्वापदे विरळ झाली. असे असता त्याने शेतात येऊ नये, ही अपेक्षाच व्यर्थ आहे.

ह्यावर उपाय काय, असे विचारताच प्रथम प्रश्न येतो तो संख्येचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे. तथापि पिकांचा नाश करणाऱ्या जनावरांपुरती परवानगी देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने रोही व रानडुक्कर यांच्या बाबतीत हा मार्ग सुलभ केला. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्र सरकारने बिहारच्या काही जिल्ह्यांत ह्या दोन जनावरांना उपद्रवी ठरविले, आणि जून २०१६ मध्ये मोकामा येथे दोनशेहून अधिक रोही गोळ्या घालून मारण्यात आले. त्या वेळी देशभर वाद माजला. परंतु मारावयाचे किंवा राखावयाचे, दोहोंसाठी मूळची संख्या ठाऊक पाहिजे. आणि ती नुसत्या कागदावरून कळत नाही.

मोजण्यात दोन प्रकारच्या चुका होतात. एकच कळप एका रात्रीत तीन गावांची शिवारे फिरतो. तीनही गावे आपापल्या ठिकाणी खरेच सांगतात आणि बेरीज मात्र तिप्पट होते. उलट, दिवसा गाडीतून रस्त्याने जाणाऱ्या अभ्यासकास पाच-सहाच जनावरे दिसतात, कारण बाकीची नदीकाठच्या बाभळीत विसावलेली असतात. ती कोठे विसावतात, हे तेथील गुराख्यास विचारावे. रोही पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतो, म्हणून त्याचे ढीग साचतात. कोणते ढीग ताजे आणि कोणते सोडून दिलेले, हे गुराखी जाता जाता सांगेल. अभ्यासकाने त्यावरून पद्धत बसवावी, वेळ व अंतर मोजावे, दुबार नोंदी गाळाव्या. हे काम एकट्या कोणाचेच नव्हे.

ह्याचा एक बोलका दाखला पृथ्वीच्या अगदी उत्तर टोकाशी घडला. अलास्काच्या बर्फाळ किनाऱ्यावर इनुपियाक लोक पिढ्यानपिढ्या बोहेड जातीच्या देवमाशाची शिकार करून पोट भरीत आले. १९७७ साली शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे हे मासे ६०० ते २,००० च उरले होते, म्हणून आंतरराष्ट्रीय मंडळाने शिकार बंद ठरविली. शिकाऱ्यांचे म्हणणे असे की, बर्फाच्या कडेवर बसून दिसतात तेवढेच मासे मोजले जातात; पुष्कळ मासे बर्फाखालून व किनाऱ्यापासून दूरवरून जातात. त्यांनी त्याच वर्षी आपले मंडळ स्थापिले आणि १९७८ साठी मर्यादित शिकारीची मुभा मिळविली. पुढे शास्त्रज्ञांनी पाण्यात ध्वनिग्राहक यंत्रे सोडून माशांचे आवाज टिपले, तेव्हा शिकाऱ्यांचे बोलणे खरे निघाले. २०११ च्या गणनेत ही संख्या १७,००० च्या सुमारास आली. ह्यातील काही वाढ खरोखरची, काही सुधारलेल्या मोजणीची. विशेष हे की, ठरलेली मर्यादा पाळण्याची जबाबदारी त्या शिकाऱ्यांनी स्वतःकडे घेतली.

हिंगोलीच्या शेतकऱ्यास रोह्यापासून अन्न मिळत नाही, केवळ नुकसान मिळते. म्हणून हा दाखला जसाच्या तसा लागू पडत नाही. येथे रागाच्या भरात कोणी कुंपणात वीज सोडतो. त्यात रोही मरतो, कायद्याने कडक संरक्षण दिलेले काळवीट मरते, आणि प्रसंगी शेजारचा माणूसही मरतो.

साधन मात्र हाताशी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती आणि एक लोक जैवविविधता नोंदवही असावयाची आहे. माधव गाडगीळ यांनी ह्या कल्पनेचा दीर्घकाळ पुरस्कार केला. राष्ट्रीय हरित अधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, तेव्हा नोंदवह्या पुऱ्या करण्याची घाई झाली. घाईत भरलेली वही कपाटात जाते, ही आपल्याकडची जुनी रीत. तीच वही जागलीच्या माळ्यावर गेली, तर तिच्यात तारीख, प्रहर, नर-माद्या-पाडसे, कोठून आले, कोठे गेले आणि कोणते पीक किती गेले, एवढे तरी उतरेल. नुकसानीच्या पंचनाम्यासही त्याचा आधार होईल.

अभयारण्यांतून वैशाखी पौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यांवर मचाणे बांधून जनावरे मोजण्याची प्रथा महाराष्ट्रात आहेच. तशीच मोजणी शेतशिवारांत, एकाच रात्री, सर्व गावांनी मिळून करण्यास अडचण एवढीच की, पैनगंगेचा एक काठ मराठवाड्यात आणि दुसरा विदर्भात. दफ्तरे दोन, साहेब दोन. उन्हाळ्यात पात्र आटले की रोही ते ओलांडून जातो. तेव्हा कळमनुरी आणि सेनगावच्या गावांची वही पलीकडच्या वाशीम व यवतमाळच्या वहीशेजारी ठेवल्यावाचून त्याचा खरा आकडा निघावयाचा नाही.