कँडल फिल्टर

कँडल फिल्टर हे पिण्याचे पाणी गाळण्याचे विजेविना चालणारे घरगुती उपकरण आहे. एकावर एक ठेवलेल्या दोन भांड्यांपैकी वरच्या भांड्यात सच्छिद्र चिनीमातीची पोकळ नळी बसवलेली असते. तिलाच 'कँडल' म्हणतात. पाणी तिच्या भिंतीतून झिरपून खालच्या भांड्यात उतरते. गाळ व बहुतेक जिवाणू बाहेर अडकतात, विषाणू मात्र पार होऊ शकतात.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता व गोदावरी यांच्या संगमाजवळ असलेल्या सिरोंचासारख्या भागात पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होते. असे पाणी थेट ओतल्यास कँडल लवकर तुंबते. त्यामुळे ते आधी तुरटी फिरवून निवळू द्यावे व दुपदरी कापडातून गाळून घ्यावे.

== देखभाल ==
धार मंदावली की कँडल काढून वाहत्या स्वच्छ पाण्याखाली मऊ ब्रशने हलकेच घासतात. साबण वापरत नाहीत, कारण तो छिद्रांत शिरून पुढे पाण्यात उतरतो. दर घासणीत कँडलचा पातळ थर झिजतो, म्हणून ती कधीतरी बदलावीच लागते. नवी कँडल बसवल्यावर पहिले एक-दोन भांडी पाणी टाकून देतात. खालचे भांडे व तोटी यांची सफाई अनेकदा राहून जाते. गाळलेले पाणी तेथेच पुन्हा दूषित होते.

मंद धार ही सहसा केवळ गैरसोय असते. पाणी एकाएकी भराभर उतरू लागणे हे मात्र धोक्याचे लक्षण आहे: कँडलला तडा गेलेला असतो किंवा बुडाचे रबरी वायसर सैल झालेले असते. केसाएवढ्या तड्यातूनही न गाळलेले पाणी खाली जाते आणि ते दिसायला स्वच्छच असते. तडा गेलेली कँडल चिकटवून वापरू नये.

== मर्यादा ==
जंतूंची शंका असल्यास गाळलेले पाणी उकळतात किंवा त्यात मेडिक्लोर घालतात. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात आढळणारे फ्लोराईड विरघळलेले असल्याने कँडलने अडत नाही व उकळूनही जात नाही. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे १.० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. त्यासाठी नागपूरच्या 'नीरी' संस्थेने विकसित केलेले, तुरटी व चुना वापरणारे नलगोंडा तंत्र किंवा सक्रियित ॲल्युमिनाची गाळणी लागते.