एका फॉर्मवर दोन खुणा

१८९० साली अमेरिकेत शिरगणती झाली तेव्हा प्रगणकांच्या हाती एक अजब कोष्टक दिलं होतं. रक्त पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त काळं असेल तर ‘ब्लॅक’, निम्म्याच्या आसपास असेल तर ‘मुलाटो’, पाव असेल तर ‘क्वाड्रून’, आणि एक अष्टमांश किंवा नुसता अंश असला तरी ‘ऑक्टोरून’. आता दारात उभ्या असलेल्या माणसात पणजीचा वाटा किती, हे प्रगणकाने ओळखायचं कसं? चेहऱ्याकडे बघून अंदाजाने! पुढे १९३० च्या शिरगणतीपर्यंत हे अपूर्णांकांचं गणितच संपलं. काळ्या रक्ताचा एक थेंब असला तरी माणूस ‘निग्रो’, असा नियम आला.

मिश्र वंशाच्या माणसांना सरकारी कागदावर जागा मिळाली, असं ऐकलं की ती आजकालच्या उदारपणाची गोष्ट वाटते. पण ही जागा जुनीच आहे. ती कधी माणसाला खाली ढकलायला वापरली गेली, कधी त्याच्या हक्कासाठी. म्हणून अशा कोणत्याही रकान्यापाशी थांबून दोन गोष्टी विचाराव्यात. खूण कोणी केली? आणि त्या खुणेवर काय अवलंबून आहे?

अमेरिकेत १९६० पासून लोक आपला वंश स्वतः नोंदवू लागले, पण पर्याय एकच निवडायचा होता. १९६७ मध्ये ‘लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहांवरची बंदी देशभर रद्द केली. त्या लग्नांतली मुलं शाळेत जाऊ लागली, तेव्हा शाळेचा फॉर्म भरताना आईला निवडायचं की वडिलांना, हा पेच घरोघरी उभा राहिला. १९९० च्या दशकात अशा पालकांनी ‘बहुवंशीय’ असा वेगळा रकाना मागितला. विरोध आला तो कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क संघटनांकडून. त्यांची भीती खरी होती: भेदभावाचे खटले आणि मतदारसंघांची आखणी आकड्यांवर चालते, आणि आपली माणसं नव्या रकान्यात गेली तर आपला आकडा घटणार.

१९९७ मध्ये तोडगा निघाला. वेगळा रकाना नको, पण हवे तितके पर्याय निवडायची मुभा. २००० च्या जनगणनेत ६८ लाख लोकांनी एकाहून अधिक खुणा केल्या. हक्कांच्या अंमलबजावणीसाठी मात्र ‘गोरा’ आणि दुसरा एक अल्पसंख्य वंश अशा दोन खुणा करणाऱ्याला अल्पसंख्यांतच धरायचं ठरलं. एकाहून अधिक खुणा करणारे लोक २०१० मध्ये ९० लाख होते, २०२० मध्ये थेट ३ कोटी ३८ लाख झाले. दहा वर्षांत लग्नं काही चौपट वाढली नव्हती. फॉर्मवर मूळ लिहायला जास्त जागा दिली होती आणि लिहिलेलं वर्गीकरणात बसवायची रीत बदलली होती. वाढीचा बराच भाग त्यातून आला.

दक्षिण आफ्रिकेत खूण करणारा हात सरकारचा होता. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाच्या नावापुढे वंश लावला, आणि ‘कलर्ड’ हा मधला वर्ग त्यातलाच. कोणी कुठे राहायचं, कुठल्या शाळेत जायचं हे सारं त्या एका शब्दावर ठरे. संशय आला की केसांत पेन्सिल खोचून बघत. ती खाली पडली नाही तर माणूस गोरा नाही! १९९१ मध्ये कायदा रद्द झाला, शब्द मात्र गेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिलेल्या, बहुतांशी आफ्रिकान्स बोलणाऱ्या या समाजातल्या अनेकांनी तो आपला मानला. २०२२ च्या गणनेत ८.२ टक्के लोक ‘कलर्ड’ आहेत.

ब्राझीलमध्ये मिश्र माणसं अपवाद नाहीत, तीच सर्वांत जास्त. २०२२ च्या गणनेत ४५.३ टक्के लोकांनी स्वतःला ‘पार्दो’, म्हणजे मिश्रवर्णी म्हटलं, गोरे ४३.५ टक्के भरले. खूण ज्याची त्याने करायची, कोणी हरकत घेत नाही. पण विद्यापीठांत राखीव जागा आल्या आणि त्या खुणेला किंमत आली. मग अर्जदाराचं रूप तपासणाऱ्या समित्या आल्या. २००७ मध्ये ब्राझिलिया विद्यापीठात हुबेहूब जुळ्या भावांचे फोटो अशाच एका समितीपुढे गेले. एक भाऊ राखीव जागेसाठी पात्र ठरला, दुसरा अपात्र! बोभाटा झाल्यावर दुसऱ्यालाही मान्यता मिळाली.

सिंगापूरने २०११ पासून ओळखपत्रावर ‘चिनी-भारतीय’ अशी जोडनोंद मान्य केली. मात्र सरकारी घरांच्या वाटपात वंशनिहाय कोटा असतो, आणि तिथे जोडनोंदीतला पहिला शब्दच धरतात. म्हणजे कागदावर दोन्ही घरं, हिशेबात एकच.

हे सगळं परक्यांचं वाटत असेल तर आपली राज्यघटना उघडावी. अनुच्छेद ३६६ मध्ये अँग्लो-इंडियनची व्याख्या आहे: भारतात जन्मलेली आणि इथेच वास्तव्य असलेली अशी व्यक्ती, जिचे वडील किंवा वडिलांकडचा एखादा पुरुष पूर्वज युरोपीय वंशाचा आहे. म्हणजे आई इंग्रज आणि वडील हिंदुस्थानी असतील, तर ते मूल या व्याख्येत बसत नाही. भुसावळ, इगतपुरीच्या रेल्वे वसाहतींत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या समाजासाठी घटनेने रेल्वे, टपाल, सीमाशुल्क खात्यांतल्या नोकऱ्यांत दहा वर्षांची टप्प्याटप्प्याने घटणारी सवलत ठेवली, आणि लोकसभेत दोन नियुक्त सदस्यांची तरतूद केली.

डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की २०११ च्या जनगणनेनुसार देशात अँग्लो-इंडियन फक्त २९६ आहेत. समाजाच्या प्रतिनिधींनी हा आकडा साफ नाकारला. आपण लाखाच्या पुढे आहोत, असं त्यांचं म्हणणं. घटनेत ज्यांची व्याख्या आहे, त्यांना जनगणनेच्या फॉर्मवर स्वतःचा पर्याय नव्हता. जे विचारलंच नाही, त्याचं उत्तर आकड्यात कुठून येणार? तरी १०४ वी घटनादुरुस्ती झाली आणि जानेवारी २०२० मध्ये लोकसभेतल्याच नव्हे, विधानसभांतल्याही नियुक्तीची तरतूद संपली. महाराष्ट्राच्या विधानसभेत निवडून आलेल्या २८८ आमदारांबरोबर एक नियुक्त अँग्लो-इंडियन सदस्य बसत असे. ती २८९ वी जागा आता नाही. व्याख्या मात्र अनुच्छेद ३६६ मध्ये जशीच्या तशी आहे, आणि ती अजूनही फक्त वडिलांकडूनच मोजते.