नर्मदेच्या खोऱ्यात शिरलेला समुद्र

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातलं बाघ हे गाव तिथल्या लेण्यांमुळे प्रसिद्ध आहे. आजचा किनारा तिथून दोनशे किलोमीटरहून दूर; तरीही तिथल्या खडकांत कालवं सापडतात आणि अमोनाईटही, म्हणजे फक्त समुद्रातच जगणारे, आता नामशेष झालेले प्राणी. समुद्र इथवर आला होता, एवढं त्यांच्यावरून कळतं. तो कसा आला, हे मात्र थरांचा क्रम सांगतो. तळाशी निमाड वालुकाश्म आहे. त्याचा खालचा भाग जाडाभरडा, गोटे मिसळलेला, नदीने आणून टाकलेला. वर जाताना त्यात कालवांचे थर आणि सागरी जीवांनी वाळूत केलेली बिळं दिसू लागतात. त्याच्यावर गाठीगाठींची चुनखडी येते. नदीचा भरड गाळ पोहोचणार नाही अशा पाण्यात ती साचली. नदी, किनारा आणि समुद्र एरवी शेजारी शेजारी असतात. समुद्र आत सरकू लागला की त्यांचे गाळ एकावर एक रचले जातात. योहानेस वाल्थर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये मांडलेला हा नियम आजही थर वाचण्याचा पाया आहे.

शिंपले नदीने वाहून आणले असतील, ही शंका इथे टिकत नाही. नदी मेलेले शिंपले आणील, पण बिळं कशी आणणार? दुसरी शंका मात्र वजनदार आहे. नर्मदेचं खोरं ही खचदरी आहे. मग पाणी चढलं की जमीनच खचली? एकट्या बाघकडे याचं उत्तर नाही. त्या काळात, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, तमिळनाडूत तिरुचिरापल्ली-अरियलूर भागात समुद्र होता, युरोपात खडूचे जाड थर साचत होते आणि उत्तर अमेरिकेच्या मध्यातून आर्क्टिकपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत समुद्र पसरला होता. इतक्या दूरदूरच्या जमिनी योगायोगाने एकाच वेळी खचल्या, असं मानणं अवघड आहे. ध्रुवांवर आजच्यासारखे बर्फाचे प्रचंड थर नव्हते, आणि समुद्रतळावरच्या तापलेल्या, फुगलेल्या पर्वतरांगांनी पाणी वर ढकललं होतं. म्हणून खचदरीने वाट दिली आणि चढत्या समुद्राने पाणी दिलं, असंच मला म्हणावंसं वाटतं.

समुद्र नेमका किती उंच चढला, यावर अजून वाद आहे. शंभर मीटरच्या आतबाहेरपासून अडीचशेपर्यंतचे अंदाज आहेत. बाघची चुनखडी आज ज्या उंचीवर आहे ती मोजून हा वाद सुटणार नाही, कारण नंतर जमीनही वरखाली झाली. समुद्र माघारी गेला, हे मात्र निश्चित. चुनखडीच्या वर लमेटा नावाचे थर आहेत, त्यांत डायनोसॉरची अंडी सापडतात, आणि त्यांवर महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी दिसणारा काळा बेसाल्ट.

बाघ परिसरात गेलात तर एक विनंती: शिंपला दिसला तरी उचलू नका. तो कुठल्या थरात होता हे हरवलं, तर त्याची साक्षही हरवते.