तीनशे फोटोंचा एक फोटो

जूनची सात-आठ तारीख आली, की आमच्या घरी एकच वाक्य ऐकू येते, "मृग लागलं!" मग बियाणे, खत, पेरणी यांची धावपळ सुरू होते. पण त्या दिवसांत खरे मृग नक्षत्र रात्री दिसतच नाही, कारण सूर्यच त्या नक्षत्रात जाऊन बसलेला असतो. ते पाहायचे तर हिवाळ्यात.

मी शाळेत असताना रात्रीच्या लाइनीवर हरभऱ्याला पाणी द्यायला बाबांसोबत शेतात जायचो. तिथेच त्यांनी मला मृग दाखवले. हे चार पाय, हा पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि तो तिकडे बाण मारणारा व्याध. बाणाच्या खाली एक पुसट डाग दिसायचा. "बाबा, ते काय?" "असंल धुकं." विषय तिथेच संपला.

पुढे सावंगीला इंजिनिअरिंगला आलो. होस्टेलच्या गच्चीवर गेलो, तर मृग दिसले, पण धुके गायब! ईशान्येला वर्धा शहराचा उजेड, समोर रुग्णालयाचे दिवे आणि डोक्यावर गच्चीचा स्वतःचा एलईडी. वाचल्यावर कळले, की ते धुके म्हणजे मृगातला मोठा तेजोमेघ, एम-४२. सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असलेला, नवे तारे जन्माला घालणारा वायू आणि धुळीचा ढग. बदामीच्या चालुक्यांच्या काळात तिथून निघालेला उजेड आज आपल्या गच्चीवर पडतो आहे आणि आपण खाली मेसच्या भाजीवर भांडतो आहोत! ठरवले, याचा फोटो काढायचा आणि बाबांना नेऊन दाखवायचा. घरी आता सौर पंप बसलाय, पाणी दिवसाच दिले जाते. त्यामुळे रात्रीचे आकाश त्यांनीही कित्येक वर्षांत नीट पाहिलेले नाही.

सामान साधेच होते. चुलतभावाचा जुना डीएसएलआर, ५० मिलिमीटरची लेन्स आणि उधारीचा ट्रायपॉड. पहिल्या रात्री ३० सेकंद शटर उघडे ठेवले. फोटो आला राखी-पिवळा, ताऱ्यांच्या जागी रेघोट्या. रूम पार्टनर म्हणाला, "काय बे, कढीचा फोटो काढून राहिला का?"

चूक कुठे झाली? पृथ्वी फिरते, म्हणून आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते. माझ्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल साधारण १६ विकलांचा. म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक पिक्सेल! ३० सेकंदांत रेघ येणारच. ४ सेकंदांत मात्र तारा साडेतीन-चार पिक्सेलच सरकतो आणि ते खपून जाते. पण ४ सेकंदांत तेजोमेघाचा उजेड किती येणार? इथेच आपले इंजिनिअरिंग कामाला येते.

पत्र्यावर पडणारे पावसाचे थेंब मोजा. सरासरी दर तोच असला, तरी प्रत्येक सेकंदाला आकडा थोडा वरखाली होतो. प्रकाशाचे कण तसेच येतात. सरासरी १०० कण येत असतील, तर चढउतार असतो त्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १०. हाच नॉइज.

हिशेबासाठी धरू, की एका फोटोत एका पिक्सेलवर शहराच्या उजेडाचे ४०० आणि तेजोमेघाच्या पुसट कडेचे फक्त ८ इलेक्ट्रॉन जमा होतात. ४०८ चे वर्गमूळ सुमारे २०. म्हणजे सिग्नल ८ आणि नॉइज २०. काय दिसणार, डोंबल! आता असेच ३०० फोटो काढून एकावर एक रचा. सिग्नल २,४०० होतो, नॉइज फक्त ३५० च्या आसपास. सिग्नल जवळजवळ सातपट वर आला! सिग्नल फोटोंच्या संख्येच्या पटीत वाढतो, नॉइज संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत. सगळी जादू एवढीच.

"मग शहराचा उजेड सरळ वजा का करत नाही?" करतोच. पण मित्रांनो, उजेड वजा होतो, त्याची थरथर वजा होत नाही. आकाश दहापट काळे असेल, म्हणजे ४०० च्या जागी ४०, तर हाच निकाल ३०० ऐवजी ३६ फोटोंत मिळतो. उजेडाखाली राहणाऱ्याला तेजोमेघ मिळतो, पण वेळ मोजून.

आता कृती. जानेवारीच्या मध्यात मृग रात्री सव्वादहाच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ६४ अंश वर येते. तिथे हवेचा थर कमी आणि शहराचा उजेडही त्यामानाने कमी. अमावास्येच्या जवळची रात्र निवडा. ऑटोफोकस बंद करा, स्क्रीनवर व्याध मोठा करून तो बारीक टिंब होईपर्यंत लेन्सची रिंग फिरवा आणि नंतर तिला हात लावू नका. (मी लावला, एक अख्खी रात्र वाया!) आयएसओ १६००, छिद्र एफ/२.८, रॉ फाइल, ४ सेकंद. काक्षीपासून राजन्यापर्यंत अख्खे मृग चौकटीत बसते आणि तेजोमेघ त्यात सुमारे दोनशे पिक्सेल भरतो. दर दहा मिनिटांनी चौकट पुन्हा जुळवा. शेवटी लेन्सवर झाकण लावून तेवढ्याच वेळाचे वीसेक काळे फोटो घ्या, सेन्सरचे खोटे ठिपके त्यातून वजा होतात. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल ही फुकट सॉफ्टवेअर तारे जुळवून फोटो रचून देतात. हायड्रोजनचा गडद लाल उजेड साधा कॅमेरा आपल्या फिल्टरने बराचसा अडवतो, म्हणून सुरुवात तेजस्वी एम-४२ पासूनच करा.

दुसऱ्या रात्री चौकीदार काका वर आले. "काय करून राहिला रे बाबू एवढ्या थंडीत?" सगळे सांगितले. ते काही बोलले नाहीत, खाली गेले आणि गच्चीचा दिवा बंद केला. नंतरची वीस मिनिटे आम्ही दोघे शटरची टकटक ऐकत बसलो. लॅपटॉपवर तीनशे फोटो रचून झाले आणि बाणाखाली गुलाबी पंख पसरलेला ढग उमटला, तेव्हा अर्धा मजला माझ्या रूममध्ये जमला होता. कढी म्हणणारा सगळ्यांत पुढे!

१८८० साली हेन्री ड्रेपरने याच तेजोमेघाचा पहिला फोटो काढला, तेव्हा त्याला ११ इंची दुर्बीण आणि ५१ मिनिटे लागली होती. आपल्याला गच्ची पुरते.

संक्रांतीला प्रिंट घरी नेली. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिली. "हे तर तेच धुकं! मंग आपल्याले हे असं काहून दिसत नाही?" मी म्हटले, "डोळा उजेड साठवून ठेवत नाही, बाबा. कॅमेरा ठेवतो." ती प्रिंट आता घरी कॅलेंडरशेजारी लावलेली आहे.

रुग्णालयाचे दिवे बंद करा, असे मी म्हणणार नाही. त्या उजेडात कुणाचा तरी जीव वाचत असतो. पण आपल्या गच्चीच्या दिव्याला वरून पत्र्याची टोपी बसवता येईल, उजेड पायाखाली पडेल. नागपूरपलीकडचा पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला, तो जवळच्या गावांतले दिवे असे जमिनीकडे वळवूनच. तिथे जमले, तर एका गच्चीवर का जमू नये? पत्रा मी आणतो. पुढच्या अमावास्येला तुम्ही फक्त ब्लँकेट घेऊन या!