नागपूरचे हिदायतुल्लासाहेब आणि एक सही

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघेही नसले, तर कारभार प्रतिनिधिगृहाच्या सभापतींकडे जातो. आपल्याकडे तो सरन्यायाधीशांकडे येतो. तसा कायदा संसदेने १९६९ मध्ये केला, आणि आजवर ही पाळी एकदाच आली, ती आम्हा नागपूरकरांच्या न्या. मोहम्मद हिदायतुल्ला यांच्यावर. मॉरिस कॉलेजात शिकलेले, इथेच वकिली केलेले, १९५४ मध्ये इथल्याच हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झालेले.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचा इंतकाल झाला. हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला. २० जुलैपासून ३५ दिवस राष्ट्रपतिभवन हिदायतुल्लासाहेबांकडे होते. अमेरिकेचे निक्सन तेव्हाच दिल्लीत आले. पाहुण्यांचे स्वागत यांनीच केले.

घरात आम्ही मुलांना निक्सनचा किस्सा आधी सांगतो, पण मोठी गोष्ट सहीची आहे. ९ ऑगस्टला बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकाला संमती दिली ती त्यांनीच. त्याविरुद्धची याचिका सुप्रीम कोर्टात सुनावणीला आली, तेव्हा ते पुन्हा सरन्यायाधीश. आपणच सही केलेल्या कायद्याचा निवाडा आपणच करायचा? त्या खंडपीठावर ते बसले नाहीत. न्या. जे. सी. शहा आणि इतर दहा न्यायमूर्तींपुढे प्रकरण चालले. १० फेब्रुवारी १९७० रोजी तो कायदा १० विरुद्ध १ मताने रद्द झाला.