डब्यातली पन्नी

माझ्या परिचयातला एक मुलगा आहे. गर्दचं, म्हणजे अशुद्ध हेरॉइनचं, व्यसन सुटून त्याला आठ महिने झाले होते. भिवंडीकडच्या एका गोदामात नोकरी लागली होती, आईच्या हातचा डबा घेऊन वेळेवर जायचा, वेळेवर यायचा. एके दुपारी त्यानं डबा उघडला आणि तळहातांना घाम फुटला. पोटात मुरडा आला, लागोपाठ जांभया सुरू झाल्या, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डब्यात वांग्याची भाजी होती आणि पोळ्या. रोज फडक्यात बांधलेल्या असायच्या, त्या दिवशी आईनं चांदीच्या कागदात गुंडाळल्या होत्या, गरम राहतील म्हणून. गर्द ओढणाऱ्याच्या हातात वर्षानुवर्षं हाच कागद असतो. त्यांच्या भाषेत ती ‘पन्नी’.

त्यानं डबा बंद केला आणि त्याच्याआधी सहा वर्षं यातून बाहेर पडलेल्या एका मित्राला फोन लावला. “दादा, पन्नी दिसली.” पलीकडून पहिला प्रश्न आला, “जेवलास का?” मग, “तो कागद कुणाला तरी फेकायला सांग, तू उठून बाहेर माणसांत ये, फोन ठेवू नकोस.” वीस-पंचवीस मिनिटं ते दोघं क्रिकेटबद्दल बोलत राहिले. जांभया थांबल्या. पोळ्या मात्र त्यानं त्या दिवशी खाल्ल्या नाहीत.

हे मनाचे खेळ नव्हेत. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला व्यसनी लोकांसाठी सरकारी रुग्णालय होतं. तिथं १९४०च्या दशकात अब्राहम विक्लर या डॉक्टरांना दिसलं की अंगातून अफूजन्य द्रव्याचा अंशही उरलेला नसताना, नुसत्या नशेच्या गप्पा निघाल्या तरी जुन्या रुग्णांना जांभया येतात, डोळे पाझरतात. म्हणजे टर्कीचीच, नशा बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाचीच, लक्षणं, टर्की संपून कित्येक महिने लोटल्यावर. विशिष्ट गल्ली, विशिष्ट स्टेशन, पगाराचा दिवस, काडी ओढल्याचा वास यांची नशेशी गाठ पडलेली असते, आणि ती शरीर सोडत नाही.

ही गाठ किती बळकट असते हे उलट्या बाजूनंही दिसलं आहे. व्हिएतनाममधून १९७१ साली परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी पाठपुरावा केला. तिथं हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले जेमतेम ५ टक्के. युद्ध मागे राहिलं, ती जागा मागे राहिली, सहज मिळणारा मालही मागे राहिला. आपल्याकडे ‘गावाला मामाकडे पाठवून द्या’ म्हणतात, त्यात म्हणून थोडं तथ्य आहे. पण सैनिक व्हिएतनामला परत गेले नाहीत. आपला मुलगा चार महिन्यांनी त्याच चाळीत, त्याच नाक्यावर परत येतो.

आणि परत येतो तेव्हा त्याच्याजवळ ताण सोसण्याचं जुनं साधन नसतं. गर्दची टर्की भयंकर असते, पण तिचा जोर साधारण आठवडाभरात ओसरतो. खरं जड जातं ते नंतर. रात्री झोप लागत नाही, कशात रस वाटत नाही, गाणं ऐकलं तरी कोरडंच वाटतं, आणि हे काही महिने चालतं. इतकी वर्षं राग आला, अपमान झाला, भीती वाटली की एकच उत्तर होतं. ते काढून घेतलं आणि बाकीचं आयुष्य तसंच ठेवलं. घेणेकरी दारात येतात, बरोबरीचे पोरगे फ्लॅट घेतात. घरात आई शर्टाचा वास घेते, वडील पाकिटातल्या नोटा मोजतात, बाथरूममध्ये पाच मिनिटं जास्त लागली की दारावर थाप पडते. ‘डोळे दाखव बघू.’ घरच्यांना मी दोष देत नाही, त्यांनी दागिने गहाण पडताना पाहिलेले असतात. पण अंगात काही नसताना रोज चोर ठरणं हाही ताणच आहे, आणि तो घरात तयार होतो. ‘लग्न करून द्या, जबाबदारी आली की सुधारेल’ हा सल्ला तर मला क्रूर वाटतो. एका परक्या मुलीला औषधासारखं वापरण्याचा हक्क कुणालाही नाही.

अॅलन मार्लाट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं पुन्हा व्यसनाकडे वळलेल्या माणसांच्या शेकडो हकिकती तपासल्या. त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश घटनांच्या मुळाशी तीनच गोष्टी निघाल्या : मनाची वाईट अवस्था, घरातलं किंवा कामावरचं भांडण, आणि मित्रांचा आग्रह. व्यसनमुक्ती केंद्रांत भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चौघांपासून सांभाळायला सांगतात ते यासाठीच. फोनवरच्या दादानं आधी जेवणाचं विचारलं, ते उगाच नाही.

मार्लाटनं आणखी एक बारीक गोष्ट पकडली, आणि ती समजायला आपल्याला एकादशी पुरे. उपास असताना चुकून चिवड्याचा बकाणा तोंडात गेला की माणूस म्हणतो, ‘मोडलाच आहे, तर आता जेवूनच घेतो.’ व्यसनातून सुटणाऱ्याचंही असंच होतं. एकदा पाय घसरला, याला केंद्रांत ‘स्लिप’ म्हणतात. त्या रात्री मनात येतं, ‘आठ महिने पाण्यात गेले, मी असाच, माझ्यानं होणार नाही.’ ही लाज सोसवत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि स्लिपचा रिलॅप्स होतो, व्यसन पुरतं परत येतं. आठ महिने पाण्यात गेलेले नसतात. त्या दोनशे चाळीस दिवसांत तो जे शिकला ते त्याच्याजवळ असतं. हे त्याला त्याच रात्री कुणीतरी सांगायला हवं, आणि तो घरी खरं बोलू शकला तरच ते सांगता येईल. ‘पुन्हा घेतलीस तर या घराचे दरवाजे बंद’ असं बजावलेल्या घरात स्लिप लपवलीच जाते.

लपवणं जिवावर बेततं, तेही सांगितलं पाहिजे. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. पूर्वी रोज पचणारी मात्रा आता श्वास थांबवू शकते. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणून सर्वांत धोक्याचे. हाक मारून, हलवून माणूस जागा होत नसेल, श्वास मंदावला असेल, ओठ निळे पडत असतील तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नका. त्याला कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा.

उपचार घेतलेल्यांपैकी साधारण ४० ते ६० टक्के लोक पुन्हा कधीतरी घसरतात. हा आकडा ऐकून आई-बाप खचतात. पण रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांत पथ्य सुटून त्रास उलटण्याचं प्रमाण याहून कमी नाही, आणि रक्तदाब वाढला म्हणून आपण वडिलांना निर्लज्ज म्हणत नाही, डॉक्टरकडे नेतो. गर्द किंवा अफूच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं आहेत, त्यांनी ओढ आटोक्यात राहते आणि मृत्यू टळतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती घेणाऱ्याला ‘एक नशा सोडून दुसरी धरली’ असं हिणवणं चुकीचं आहे.

पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता (सुनंदा) आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा. पण तो संपला म्हणजे काम संपलं असं तिथं मानत नाहीत. आपापल्या गावी पाठपुराव्याच्या बैठकांना येत राहा, असा आग्रह असतो. माझ्या माहितीतल्या घसरणींची सुरुवात बहुतेक वेळा याच बैठका चुकण्यातून झालेली आहे. आधी कामाचं निमित्त, मग ‘आता गरज नाही’, मग जुन्या मित्राचा सहज आलेला फोन. माल हातात पडतो तो सगळ्यात शेवटी.

तो डब्यावाला मुलगा दुसऱ्या वर्षी एकदा घसरला. रात्री अकराला घरी आला आणि स्वयंपाकघरात उभं राहून आईला सांगून टाकलं. आई रडली. तो झोपला तरी ती मधूनमधून त्याचा श्वास बघत पहाटेपर्यंत उशाशी बसून राहिली. सकाळी दोघं पहिल्या गाडीनं केंद्रावर गेले. त्याला आता चार वर्षं झाली. पोळ्या फडक्यातच असतात.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर तो बरा असतानाच, चांगल्या वेळी, त्याच्याशी ठरवून ठेवा की पाय घसरला तर आधी कुणाला सांगायचं. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची हेल्पलाइन १४४४६ ही आहे, फोनला पैसे पडत नाहीत. हा क्रमांक आजच कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.